तीन रंग बाकी

"हात काय गहाण टाकून येतात की काय ही पोरं?"

ताई पुटपुटत होत्या. माझ्याशी नाही, ब्रशांच्या बरणीशी. आमच्या दोघींची टेबलं पाठीला पाठ लावून आहेत, त्यामुळे त्यांची प्रत्येक कुरकुर थेट माझ्या मानेवर येऊन पडते. बरणी काही उत्तर देत नाही, मग शेवटी मलाच द्यावं लागतं.

"कुठली पोरं, ताई?"

"सगळीच. हे बघ." त्यांनी खुर्ची गर्रकन फिरवली आणि हातातल्या पुस्तकाची पानं माझ्यासमोर फडफडवली. "एक रेघ नाही. एक डाग नाही. बिस्किटाच्या हातानं धरल्याचीसुद्धा खूण नाही. पुस्तक हातात घेतलं होतं की लांबूनच नमस्कार केला?"

मी पान उलटून बघितल्यासारखं केलं. बघायची गरज नव्हती. सकाळीच सगळ्या प्रती बघून झाल्या होत्या. सगळ्या कोऱ्या. म्हणजे ताईंच्या चित्रांनी भरलेल्या, पण मुलांच्या बाजूनं कोऱ्या.

"खडू बोथट झाले असतील," मी म्हटलं.

ही पहिली थाप. त्या आठवड्यात आमच्या घरात अशा बऱ्याच झाल्या.

ताई म्हणजे माझी मोठी नणंद. चित्रं त्यांची, मजकूर माझा आणि छपाई 'ह्यांची', म्हणजे त्यांच्या भावाची, माझ्या नवऱ्याची. खाली छापखाना, वर आम्ही दोघी. आमची पुस्तकं दुकानात कुठल्याही नावानं विकली जावोत, घरात त्यांना 'अर्धी पुस्तकं' म्हणतात. पानावर अर्धं चित्र ताई काढतात, उरलेलं मुलानं काढायचं. खाली माझी एक ओळ असते, बहुतेक वेळा प्रश्न. लिहायला मी कुठे शिकले नाही. लग्न होऊन आले तेव्हा छापखान्यात मुद्रितं तपासायला माणूस नव्हता, म्हणून बसले. दुसऱ्यांची वाक्यं निस्तरता निस्तरता स्वतःची करायला लागले. ताईही कुठे शिकल्या नाहीत. आमच्या धंद्यात रीतसर कागदपत्रं आहेत ती फक्त छपाईच्या यंत्राची.

नवं पुस्तक बाजारात जाण्याआधी आम्ही त्याची परीक्षा घेतो. परीक्षेचं ठिकाण म्हणजे धाकट्या जाऊबाईंचा दवाखाना. ती दातांची डॉक्टर. तिच्या वेटिंग रूममध्ये बुटक्या टेबलावर आम्ही पुस्तकाच्या काही कच्च्या प्रती ठेवतो, शेजारी खडूंचा डबा, आणि कुणीही मुलांना काहीही सांगायचं नाही. शाळेत मुलं बाईंना आवडेल ते काढतात, घरी आईला आवडेल ते. दाताची वाट बघणाऱ्या मुलाला मात्र कुणालाही खूश करायचं नसतं. ते काढतं तेव्हा खरं काढतं, आणि काढत नाही तेव्हाही खरंच. आठवड्यानं जाऊबाई प्रती परत आणून देते. मग आम्ही त्या खाली छापखान्याच्या फरशीवर मांडतो आणि वाकून वाकून बघतो. आजवर आमच्या पुस्तकात मुलांनी काय काय काढलं! एकदा आम्ही नुसती छत्री दिली होती, तर तिच्याखाली एकानं आख्खं जहाज उभं केलं, खलाशांसकट.

आणि या वेळी, लिफ्टच्या पुस्तकात, काही नाही.

लिफ्टचं पुस्तक असं आहे: लिफ्ट वर जाते, प्रत्येक मजल्यावर थांबते, दार उघडतं. समोर एक खोली. खाली माझी ओळ, 'इथं कोण राहतं?' बस. कल्पना ऐकून जाऊबाई म्हणाली होती, "वहिनी, पोरं पानं फाडतील इतकं काढतील." मलाही तसंच वाटलं होतं.

मग ताईंनी खोल्या काढल्या.

काय खोल्या होत्या! पडद्यावर नक्षी, नक्षीतून आलेलं ऊन, उन्हात तरंगणारी धूळ. टेबलावर कप, कपातून वाफ, वाफेमुळे धूसर झालेली खिडकी. खुर्चीच्या पाठीवर टाकलेला स्वेटर, आणि त्याचा कोपरा कुणीतरी ओढून ओढून सैल केलेला. दाराशी काढून ठेवलेले बूट, एक उभा, एक कलंडलेला. सगळं इतकं नेमकं की त्या खोलीत कोण राहतं हे विचारायची सोयच उरली नव्हती. एका पानावर तर मी विचारलं होतं 'इथं कोण राहतं?' आणि पलंगाखालून शेपूट बाहेर आलं होतं.

"ताई, शेपूट दिसतंय," मी तेव्हा म्हटलं होतं.

"मुलांना तेवढीच मदत," ताई म्हणाल्या.

मुलांसाठी मोकळी जागा होती, नाही असं नाही. खुर्चीवर, एका बाजूला, बशीएवढी.

पूर्वी असं नव्हतं. पहिल्या पुस्तकांत ताई एक दार काढून सोडून द्यायच्या. बाकी पान पांढरंफटक. मग मध्यंतरी एका प्रदर्शनात त्यांची मूळ चित्रं काचेच्या चौकटीत बसून भिंतीवर लागली. लोक समोर उभं राहून मान तिरकी करून बघत होते. एका भल्या गृहस्थानं अगदी आदरानं विचारलं, "हा पांढरा भाग राहून गेलाय का हो?" ताई हसल्या. पण त्या हसण्यात काहीतरी खट्ट झालेलं मला ऐकू आलं. त्यानंतरच्या प्रत्येक पुस्तकात पांढरं आक्रसत गेलं. आम्ही तिघं बघत होतो. हे बघत होते, जाऊबाई बघत होती, मी तर पाठीला पाठ लावून बसले होते. कुणीच काही बोललं नाही. चित्रं सुंदर होत चालली होती, आणि सुंदर होत चाललेल्या गोष्टीबद्दल तक्रार कोणत्या तोंडानं करायची?

तर कोऱ्या प्रती परत आल्या आणि घरात कारणांचं पीक आलं. हे म्हणाले, कागद गुळगुळीत आहे, खडू धरत नाही. जाऊबाई म्हणाली, वेटिंग रूममधला दिवा गेला होता. मी खडूंवर ढकललं. ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि निकाल दिला, "आजकालच्या मुलांना सवय राहिली नाही. एकदा पुस्तक हातात पडलं की लागेल. छापायला घे रे."

'घे रे' म्हटल्यावर ह्यांनी घेतलं. या घरात ताईंच्या 'घे रे'पुढे कुणाचं काही चालत नाही.

आमचं यंत्र जुनं आहे, एका वेळी एकच रंग छापतं. चार रंगांचं चित्र म्हणजे प्रत्येक ताव चार वेळा यंत्रातून जाणार. ह्यांची पद्धत आधी निळा, मग गुलाबी, मग पिवळा आणि शेवटी काळा. माझी ओळ काळ्यात असते, म्हणजे सगळ्यात शेवटी.

निळा चढला. निळ्यातल्या त्या खोल्या बघायला मी खाली गेले होते. गंमत असते ती. पडदे लाल होते, ते गायब. ऊन पिवळं होतं, ते गायब. बूट, स्वेटर, शेपूट, माझी ओळ, सगळं गायब. उरलं होतं ते खिडकीबाहेरचं आभाळ, भिंतीवरची एखादी सावली, कपाची कड. जणू कुणीतरी खोली आठवायला सुरुवात केली होती आणि मध्येच दाराची बेल वाजली.

निळ्यातले वाया गेलेले ताव घेऊन हे बसले होते. शाई जरा इकडे तिकडे झालेले ताव ह्यांना टाकवत नाहीत. त्यांना घड्या घालून, पिना मारून ते पुस्तकासारखं करतात. पानांचा क्रम जुळतो का, पिना मधोमध बसतात का, ते बघायला. अशी नुसत्या निळ्याची एक चळत टेबलावर या टोकाला होती. त्या टोकाला ताईंनी पुन्हा एकदा दवाखान्यात ठेवायला दिलेल्या चार रंगांच्या कच्च्या प्रती, घरच्या लहान प्रिंटरवर काढलेल्या. "सवय लागू दे," असं त्यांचं म्हणणं.

जाऊबाई सकाळी कायम उशिरा असते. एका हातात डबा, दातांत गाडीची किल्ली, दातांची डॉक्टर असून. "कुठलं न्यायचं?" तिनं किल्लीसकट विचारलं. ह्यांनी यंत्राच्या आवाजात हात नुसता टेबलाच्या दिशेनं केला. तिनं उचलली ती या टोकाची चळत.

ही चूक दुसऱ्या कुठल्या घरात झाली नसती. दुसऱ्या घरात वाया गेलेला ताव वाया गेलेलाच राहतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती आली ती जिना न चढता. खालूनच मला हाक, तीही दबक्या आवाजात, म्हणजे अख्ख्या गल्लीला कळेल अशी. "वहिनी! जरा खाली या. एकट्या या."

मी गेले. तिनं आणि ह्यांनी प्रती फरशीवर मांडल्या होत्या. दोघंही मांडी घालून बसले होते, शाळेत शिक्षा झाल्यासारखे.

"मला कळलंच नाही," जाऊबाई म्हणाली. "टेबलावर ठेवल्या आणि मी आत गेले. बाहेर आले तर खडूंचा डबा रिकामा. एका पोराला आत बोलावलं, तर म्हणतो, थांबा, छप्पर राहिलंय."

मी खाली बसले.

कुठे पांढरं उरलं नव्हतं. एका खोलीत पाणी भरलं होतं, छतापर्यंत, आणि खिडकीतून हत्ती डोकं बाहेर काढून श्वास घेत होता. एका खोलीत फक्त जिने होते, जिन्यांवर जिने, आणि सगळ्यात वर बारीकशी आजी. एका खोलीत सगळं सामान दातांचं, दातांची खुर्ची, दातांचा पलंग, दातांचा दिवा. "ही कालची," जाऊबाई म्हणाली, "दुधाचा दात काढला हिचा. रडली नाही अजिबात." एका खोलीत खुर्चीखाली एक मुलगी बसलेली, तोंड घट्ट मिटून, आणि दारात हात, फक्त हात, मोठ्ठे, हातमोजे घातलेले.

"हे माझे आहेत का?" जाऊबाईनं विचारलं.

"तुझेच," हे म्हणाले.

"बापरे," ती म्हणाली, आणि स्वतःच्या हातांकडे बघत राहिली.

आणि हे सगळं माझ्या ओळीशिवाय, बरं का. 'इथं कोण राहतं?' असं त्यांना कुणीही विचारलं नव्हतं. ते मला जरा लागलं. पण लागलं ते बरंच झालं, कारण त्यामुळे पुढे जे झालं त्यात मला नणंदेच्या डोक्यावर बसून बोलल्यासारखं वाटलं नाही. आम्ही दोघी एकाच बाकावरच्या होतो.

"ताईला सांगायला हवं," हे म्हणाले.

"सांगा मग."

"मी?"

"बहीण कुणाची?"

"म्हणूनच तर." ते उठले आणि उगाचच यंत्राचं झाकण पुसायला लागले. ह्यांना अडचण आली की यंत्र चकचकीत होतं. "उद्या गुलाबी चढवायचाय. तो चढला की मग काही करता येणार नाही."

"मी सांगू का?" जाऊबाई म्हणाली. "मी लोकांना रोज सांगते, दात काढावा लागेल म्हणून."

"तू बधिर करायची सुई दिल्याशिवाय सांगत नाहीस," मी म्हटलं.

हे हसले नाहीत. फडका हातात तसाच धरून म्हणाले, "तुला माहितीये ना, ही अर्धी चित्रं सुरू कशी झाली?"

ऐकलं होतं मी. आई गेली तेव्हा हे आणि धाकटे भावजी अगदी लहान, ताई स्वतः शाळेत जाणाऱ्या. वडील दिवसभर यंत्रापाशी. भाऊ रडायला लागले की ताई रद्दी तावाच्या पाठकोऱ्या बाजूला चित्र काढून द्यायच्या. हे सगळं कौतुकानं सांगितलं जातं आमच्याकडे. आमच्या प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर थोडक्यात छापलेलंही आहे. मीच लिहिलंय.

"ते छापलेलं सोड," हे म्हणाले. "ती घोड्याचं डोकं काढायची. नुसतं डोकं. आणि 'बाकीचा घोडा तू कर' म्हणून स्वयंपाकघरात पळायची, कारण दूध उतू चाललेलं असायचं. मग धाकट्याला पुसायचं असायचं, मग माझा अभ्यास. मी आपला शेपट्या काढत बसायचो, खूश. मोठेपणी लोक म्हणायला लागले, काय कल्पना आहे, अर्धं चित्र! अगं, कल्पना कसली? सवड नव्हती तिला." फडका त्यांनी घडी करून ठेवला. "तिला उरलेला घोडा काढायचा नसेल असं वाटतं तुला?"



आता आम्ही दोघं ताईंच्या हाताशी. धाकट्या भावजींची नोकरी, जाऊबाईचा दवाखाना, सगळ्यांची घडी बसलेली. स्वयंपाकघरात दूध उतू जातं तेव्हा दुसरं कुणीतरी पळतं. आयुष्यात पहिल्यांदा ताईंना घोडा शेपटीपर्यंत काढायला मिळत होता. आणि आम्ही तिघं ठरवत होतो, की त्यांना थांबवायचं कुणी.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली.

"यंत्र का बंद?" ताईंचा आवाज आधी आला, मग ताई. नाकावर चष्मा, हाताला रंग. "आणि तुम्ही तिघं काय सागरगोटे खेळताय?"

लपवायचं कसं? फरशीभर पसरलं होतं.

ताई वाकल्या. मग बसल्याच. पाण्यातला हत्ती उचलला, लांब धरला, जवळ धरला. हसू फुटलं त्यांना, चांगलं पोटातून. "हा बघ, श्वास घ्यायला बाहेर आलाय! आणि ही आजी, हिचे गुडघे बघ गं, एवढे जिने चढून... अगं बाई, दातांचा दिवा!" प्रत्येक पान त्यांनी मला दाखवलं, जणू मी पाहिलंच नव्हतं. कितीतरी दिवसांनी त्या अशा हसत होत्या. "कुठलं पुस्तक हे? जुनंय का?"

हे यंत्राकडे बघत होते, जाऊबाई स्वतःच्या हातांकडे.

ताईंनी पान उजेडाकडे धरलं. हत्तीच्या मागचं निळं आभाळ त्यांना दिसलं. कपाची कड दिसली. स्वतःचा हात माणूस ओळखतोच.

"हे माझं लिफ्टचं आहे," त्या म्हणाल्या.

"चुकून गेल्या, ताई," जाऊबाई घाईनं म्हणाली. "निळ्यातल्या. मीच उचलल्या. दिवा पण बदलला होता ना आता, त्यामुळे कदाचित..."

"आणि हा कागद जरा खरखरीत," हे म्हणाले. कागद तोच होता.

ताईंनी दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. मग हात लांब करून टेबलाच्या त्या टोकाची चार रंगांची प्रत घेतली. पडदा, ऊन, वाफ, स्वेटर, सगळं जिथल्या तिथं. मांडीवर उघडली. "आण तो खडू."

मी दिला. हिरवा हाताला लागला, तोच दिला.

"एवढं काय त्यात," ताई म्हणाल्या. "बसायचं आणि काढायचं. हा बघा, खुर्चीवर मी आता..."

खडू पानावर गेला. म्हणजे पानाच्या वर. स्वेटरच्या वर थांबला, तिथून खिडकीकडे सरकला, वाफेवरून फिरून परत खुर्चीपाशी आला. त्या बशीएवढ्या जागेवर थोडा वेळ तरंगला. ताईंचा हात मी इतकी वर्षं बघतेय. तो कधी घुटमळत नाही. बोलता बोलता, फोनवर, चहा घेताना, कुठेही तो रेघ मारून मोकळा होतो. आता तो हवेत होता आणि आम्ही तिघं श्वास रोखून त्याच्याकडे बघत होतो, जसे वेटिंग रूममध्ये आतल्या दाराकडे बघतात.

"खडू बोथट आहे, ताई," हे हळूच म्हणाले.

"खडूला काय झालंय?" ताई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. त्यांनी खडू फरशीवर ठेवला, घरंगळू नये म्हणून आडवा. "खडू चांगला आहे. दिवा चांगला आहे. कागद तोच आहे, मला काय कागद कळत नाही?" त्यांनी चष्मा काढला आणि पदरानं पुसायला घेतला. पुसता पुसता, खाली बघून, म्हणाल्या, "उद्या गुलाबी चढवतोयस ना रे?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. जाऊबाईनंही. शाईचा डबा यंत्रापाशी उघडा होता, गुलाबी, वर साय धरू नये म्हणून कागद टाकलेला. द्यायला माझ्याकडे सुई नव्हती. मी फरशीवरून ताईंच्या जवळ सरकले, इतकी की आमचे गुडघे टेकले. पाठीला पाठ लावून बसायची सवय, समोरासमोर बसलं की त्या वेगळ्याच दिसतात. बारीक.

"माझी ओळ काढून टाका आधी," मी म्हटलं. "तिच्याशिवाय त्यांचं काही अडलं नाही."

"आणि?" ताई म्हणाल्या. चष्मा पुसून कधीच झाला होता, तरी पुसत होत्या. "बोल ना. दोघांचं बोलून झालं. तू इतके दिवस पाठीमागून उसासे टाकतेयस, मला काय ऐकू येत नाही?"

"अख्खा घोडा काढा, ताई," मी म्हटलं. "शेपटीपर्यंत काढा, खुरांसकट काढा. वरच्या भिंतीवर लावू, खिळा मी ठोकते. पण हे निळं पुस्तक पुरं करू नका."